दिवंगतांच्या नावे येणारी पाकिटे आणि नको असलेले टपाल

देवगड तालुक्यातील एका वाडीत राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकेचे पत्र आले आहे. त्यांचे यजमान तीन वर्षांपूर्वी वारले. मुलगा आणि सून डोंबिवलीला असतात. घरी दर आठवड्याला टपालाचा गठ्ठा येतो आणि त्यात कामाचे पत्र क्वचितच निघते. कंपन्यांचे अहवाल आणि सूचना अजूनही यजमानांच्या नावे येतात, दूरदूरच्या धर्मादाय संस्था देवांच्या तसबिरी, अंगाऱ्याच्या पुड्या आणि देणगीचे फॉर्म पाठवतात, बँकेकडून कर्जाची आणि विम्याची पत्रके येतात, आणि त्यात भर म्हणून जमिनीच्या दलालांची गुळगुळीत कागदावरची माहितीपत्रके असतात. त्या लिहितात, "पावसाळ्यात हे सगळे पडवीत ओलसर होते आणि त्याला वाळवी लागते. सून म्हणते, बंबात घाला. पण देवाचे फोटो बंबात घालायला माझा हात धजत नाही. टपाल आणणारा मुलगा माझाच विद्यार्थी. तो बिचारा भर पावसात पाखाडी उतरून हे ओझे आणतो. त्यालाच सांगून हे टपाल परस्पर बंद करता येईल का?"

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देणे बरे: नाही, आणि त्याला तसे सांगूही नये. आपले नाव आणि पत्ता असलेले पाकीट आपल्यापर्यंत पोचवणे हे त्याचे काम आहे. त्यातले कामाचे कोणते आणि निरुपयोगी कोणते हे ठरवणे त्याच्या अधिकारात येत नाही. आपल्या शब्दाखातर त्याने चार पाकिटे बाजूला ठेवली आणि त्यात एखादे महत्त्वाचे निघाले, तर नोकरी त्याची अडचणीत येईल. दारात आलेले एखादे पाकीट घेण्यास आपण नकार देऊ शकता; तो त्यावर तसा शेरा मारून ते परत पाठवील. पण हजारोंच्या संख्येने छापून निघणाऱ्या टपालात परत गेलेले एक पाकीट, ज्याच्या हाती नावांची यादी आहे त्याच्या टेबलापर्यंत पोचेलच असे नाही. फोनवरील जाहिराती अडवण्यासाठी १९०९ या क्रमांकावर एकदा नोंद केली की सर्व कंपन्यांना ती लागू होते. कागदी टपालासाठी तशी एकच एक नोंदवही आपल्याकडे नाही. त्यामुळे पाकीट दारात अडवण्यापेक्षा ते ज्या यादीवरून छापले जाते त्या यादीतून नाव काढून घेणे, हाच खरा उपाय आहे, आणि तो कोठे करायचा याची खूण बहुतेक वेळा पाकिटावरच असते.

नकार देण्याबाबत एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगा. सही करून घ्यावे लागणारे टपाल कधीही नाकारू नका. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्टाची सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, त्यामुळे पूर्वी "रजिस्टर आले" म्हणून आपण ज्याची दखल घेत होतो, ते आता स्पीड पोस्टाने येते आणि एखाद्या साध्या पार्सलासारखे दिसते. वकिलाची किंवा न्यायालयाची नोटीस नाकारली तरी, १८९७ च्या जनरल क्लॉजेस कायद्यातील कलम २७ च्या आधारे, ती पोचली असेच सहसा धरले जाते. कोकणात सामाईक जमिनींचे आणि वाटपाचे दावे किती असतात हे आपल्याला सांगायला नको. न वाचता परत पाठवलेली नोटीस अशा ठिकाणी फार महागात पडते.

आता यजमानांच्या नावे येणाऱ्या पाकिटांकडे वळू. आपल्या पत्रात आपण त्यांना सरसकट रद्दीत धरले आहे, आणि तिथेच माझा मतभेद आहे. ही पाकिटे बंद करायची आहेतच, पण सर्वांत शेवटी, आणि त्यांच्यातून जे निघायचे ते काढून घेतल्यानंतर.

कंपनीकडून आलेले एखादे पाकीट हातात घ्या आणि पारदर्शक खिडकीतून दिसणारा मजकूर नीट पाहा. नावाच्या वर किंवा खाली एक लांबलचक क्रमांक असतो, जो आपण पत्ता वाचताना सहज ओलांडून जातो. तो सोळा अक्षरांचा असेल, तर ते डीमॅट खाते आहे, म्हणजे शेअर कागदावर नसून संगणकावर नोंदलेले आहेत. अशा नोंदी सांभाळणाऱ्या दोन संस्था आहेत: क्रमांकाची सुरुवात 'आयएन' या इंग्रजी अक्षरांनी होत असेल तर खाते एनएसडीएलकडे आहे आणि सोळाही नुसते आकडेच असतील तर ते सीडीएसएलकडे आहे. क्रमांक लहान असेल आणि त्याआधी 'फोलिओ' (कंपनीच्या वहीतील भागधारकाचे खाते) असे छापलेले असेल, तर यजमानांच्या नावे त्या कंपनीचे कागदी शेअर आहेत, आणि त्यांची प्रमाणपत्रे बहुधा घरातच एखाद्या ट्रंकेत किंवा देवघराच्या कपाटात आहेत. मग पाकीट उलटे करा. मागच्या बाजूला, तळाशी, बारीक अक्षरात "न पोचल्यास येथे परत पाठवावे" अशा अर्थाच्या इंग्रजी ओळीखाली एक पत्ता असतो. तो पुष्कळदा कंपनीचा नसतो. तो रजिस्ट्रारचा, म्हणजे कंपनीच्या वतीने भागधारकांची यादी सांभाळणाऱ्या संस्थेचा असतो. यादी तेथे आहे आणि आपले पत्रही तेथेच गेले पाहिजे.

हे पाकीट का फेकू नये, याचे कारण पैशांचे आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार एखाद्या शेअरवरचा लाभांश सलग सात वर्षे कोणी घेतला नाही, तर तो लाभांश आणि त्यासोबत तो शेअरसुद्धा केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जमा होतो. तेथून तो वारसाला परत मागता येतो, परंतु त्या अर्जाची आणि कागदपत्रांची यातायात मोठी असते. शिवाय कागदी शेअरच्या ज्या फोलिओत पॅन, बँक खाते आणि संपर्काचा तपशील अद्ययावत नाही, त्यांचा लाभांश १ एप्रिल २०२४ पासून पूर्वीसारखा वॉरंटाने, म्हणजे चेकसारख्या कागदाने, घरी येत नाही. तपशील पूर्ण केल्यावरच तो थेट खात्यात जमा होतो. आपल्याला वारंवार येणारी 'केवायसी (ओळखीचा तपशील) पूर्ण करा' अशा मथळ्याची पत्रे बहुधा याचसाठी असतील. यजमानांना जाऊन तीन वर्षे झाली आहेत, म्हणजे सात वर्षांची मुदत संपायला बहुधा अवकाश आहे. पण त्यांच्या हयातीतच एखाद्या लहानशा फोलिओकडे दुर्लक्ष झाले असेल, तर ती मुदत कधीचीच सुरू झालेली असू शकते.

म्हणून असे करावे. एक महिनाभर यजमानांच्या नावे आलेले प्रत्येक पाकीट उघडून त्यातील फक्त नाव-पत्त्याचा आणि क्रमांकाचा भाग कापून एका वहीत चिकटवावा आणि शेजारी रजिस्ट्रारचा पत्ता लिहावा. एकाच कंपनीची दोन पाकिटे दोन वेगळ्या क्रमांकांवर येत असतील, तर ती दोन वेगळी खाती समजावीत. ही वही तयार झाली की दिवाळीला मुलगा घरी येईल तेव्हा त्याच्यापुढे ठेवता येईल. तोवर सुनेच्या बंबापासून हे कागद दूर ठेवावेत.

पुढची पायरी म्हणजे शेअर आपल्या नावे करून घेणे. डीमॅट खाते असेल तर ज्या बँकेत किंवा शेअर दलालाकडे ते उघडले होते तेथे, आणि कागदी शेअर असतील तर रजिस्ट्रारकडे, मृत्यूच्या दाखल्याची साक्षांकित प्रत देऊन हस्तांतराचा अर्ज करावा लागतो. कागदी शेअरसाठी तो 'आयएसआर-५' या नमुन्यात असतो. यजमानांनी आपले नाव नामनिर्देशित म्हणून लावले असेल, तर काम पुष्कळ सोपे होते. म्युच्युअल फंडांच्या बहुतेक योजनांच्या याद्या कॅम्स आणि केफिनटेक या दोन संस्थांकडे असल्यामुळे तेथे फार ठिकाणी पत्रे लिहावी लागत नाहीत. १ जानेवारी २०२४ पासून सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, अशीही सोय केली आहे की गुंतवणूकदाराच्या मृत्यूची माहिती एका ठिकाणी नोंदवून तिची खातरजमा झाली, की ती केवायसी नोंदणी संस्थांमार्फत इतर ठिकाणीही कळवली जाते. शेअर आपल्या नावे झाले की त्याच वेळी ई-मेलचा पत्ता नोंदवावा. त्यानंतर अहवालाचे जाडजूड पुस्तक येणे थांबते, आणि यजमानांच्या नावाचे पाकीटही आपोआप थांबते. ई-मेल न नोंदवताही हल्ली बऱ्याच कंपन्या पूर्ण अहवालाऐवजी तो संकेतस्थळावर कोठे पाहता येईल एवढे सांगणारे एक पानी पत्र पाठवतात. तो बदल आपल्याही गठ्ठ्यात जाणवला असेल.

ई-मेल देण्यापूर्वी मात्र तो कोण उघडणार हे घरात ठरवून घ्या. डोंबिवलीतील मुलाचा पत्ता देऊन मोकळे होणे सोपे असते. पण त्याच्या फोनवर न उघडलेल्या हजारो संदेशांखाली आपली लाभांशाची सूचना दडपली जाणार असेल, तर पडवीतले ओले पाकीट त्याहून बरे. ते निदान दिसते तरी. आपल्या वाडीत फोनला पुरेशी रेंज असेल आणि आपण स्वतः वाचत असाल, तर आपल्याच नावाचा स्वतंत्र ई-मेल उघडून तोच द्यावा.

धर्मादाय संस्थांच्या पाकिटांचा प्रश्न वेगळा आहे, कारण तेथे कायद्यापेक्षा संकोच अधिक आड येतो. या पाकिटांची रचना नेहमीचीच असते. बाहेर एखाद्या अनाथ मुलाचा किंवा गोशाळेचा फोटो, आत देवाची रंगीत तसबीर, एक अंगाऱ्याची किंवा कुंकवाची पुडी, आपले नाव आधीच छापलेला देणगीचा फॉर्म, आणि "आपल्या नावे पूजा केली आहे" असे सांगणारी ओळ. वस्तू आधी पाठवायची आणि मग दक्षिणेची अपेक्षा धरायची, यात घेणाऱ्याला ओशाळे करण्याचा हेतू उघड असतो. आपण काहीही मागवलेले नाही. म्हणून तसबीर घरात राहिली तरी आपण देणे लागत नाही, हे मनाशी पक्के करावे. काही संस्था खऱ्या असतात आणि चांगले कामही करतात; पण खऱ्या संस्थेलासुद्धा आपल्याला नको असताना वर्षातून चार वेळा पाकीट पाठवण्याचा हक्क मिळत नाही.

नाव यादीत आले कसे, हेही शोधावे. बहुतेक वेळा यजमानांनी किंवा आपण कधीतरी एकदा लहानशी देणगी दिलेली असते, आणि एकदा देणारा पुन्हा देईल या हिशेबाने ते नाव जपून ठेवले जाते. काही वेळा ते दुसऱ्या संस्थेकडेही जाते. म्हणूनच "थोडे पैसे पाठवले म्हणजे तरी थांबतील" हा विचार उलटा फळतो. देणगी पाठवली की पाकिटे वाढतात. ज्या संस्थेचे काम आपल्याला मनापासून पटते, तिला आपण होऊन द्यावे आणि देतानाच "पावतीखेरीज कोणतेही टपाल पाठवू नये" असे फॉर्मवर लिहावे. बाकीच्यांना पुढील मजकुराचे पत्र एकदाच पाठवावे:

"आपल्याकडून खालील नावाने व पत्त्यावर येणारी देणगीची आवाहने, तसबिरी व प्रसाद मला नको आहेत. कृपया हे नाव आपल्या यादीतून कायमचे काढावे व ते अन्य कोणत्याही संस्थेस देऊ नये. आपल्या पाकिटावरील छापील पत्त्याचा भाग सोबत जोडला आहे. ज्यांच्या नावे हे टपाल येते ते दिवंगत आहेत."

शेवटचे वाक्य जेथे लागू असेल तेथेच ठेवावे. पाकिटाचा कापलेला तुकडा जोडणे महत्त्वाचे आहे, कारण त्यावरील सांकेतिक क्रमांकाशिवाय समोरच्या कारकुनाला यादीतील आपली नेमकी ओळ सापडत नाही. नावाचे इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक यादीत निराळे असते. पत्र बंद पाकिटातून पाठवावे. पोस्टकार्ड स्वस्त पडते हे खरे, पण त्यावर लिहिलेले क्रमांक वाटेत कोणालाही वाचता येतात, आणि कंपन्यांना लिहिताना तर ते मुळीच योग्य नाही.

बँकेच्या बाबतीत मुद्दा थोडक्यात संपतो. खात्याच्या शाखेत लेखी अर्ज द्यावा की कर्ज, विमा आणि कार्डाची जाहिरातपत्रे टपालाने, फोनने वा संदेशाने पाठवण्यास माझी संमती नाही, आणि त्या अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. खाते उघडताना भरलेल्या फॉर्मात बारीक अक्षरात ही संमती बहुधा देऊन झालेली असते. ती मागे घेता येते. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. न मागितलेले क्रेडिट कार्ड पाकिटातून आलेच, तर ते सुरू करू नका आणि लगेच लेखी कळवा: असे कार्ड पाठवण्यास रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनी मनाई आहे, आणि त्यावर आकारणी झाली असेल तर ती रद्द करून त्या रकमेच्या दुप्पट दंड बँकेने ग्राहकाला द्यावा लागतो.

जमिनीच्या दलालांची पत्रके मात्र पत्राने थांबतील अशी आशा मी दाखवणार नाही. त्यांवर परतीचा पत्ता नसतो, असतो तो मोबाइल क्रमांक. आणि त्या क्रमांकावर फोन करून "पाठवू नका" म्हटले की या घरात जमिनीविषयी बोलणारे माणूस आहे एवढेच त्यांना कळते. अशी पत्रके न उघडता बाजूला टाकावीत. त्यातली बरीचशी टपालाने येतच नाहीत. वर्तमानपत्राच्या घडीतून येतात किंवा कवाडीला अडकवलेली असतात. पेपरवाल्याला सांगून पाहावे, पण पत्रके घालण्याचे पैसे त्याला मिळत असतात, तेव्हा त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. विशिष्ट भागातील घरे निवडून पत्रके पाठवणे सोपे होते ते पिन कोडमुळे, आणि ही पिन कोडची पद्धत १९७२ साली ज्यांनी बसवली ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातलेच. त्यांनी ती पत्रे चुकू नयेत म्हणून केली होती. दलालांची पत्रकेही तिच्यामुळे चुकत नाहीत, याला इलाज नाही.

एक प्रकार मात्र बाजूला न टाकता घरातल्या सर्वांना दाखवून ठेवावा. पाकिटात खरवडण्याचे कार्ड येते, ते खरवडले की मोटारगाडी किंवा काही लाखांचे बक्षीस लागल्याचे दिसते, आणि ते मिळवण्यासाठी आधी कर किंवा नोंदणीशुल्क भरण्यास सांगितले जाते. नाव एखाद्या प्रसिद्ध खरेदी कंपनीचे छापलेले असते आणि पाकीट खऱ्या टपालानेच आलेले असते, म्हणून लोक विश्वास ठेवतात. ही सरळ फसवणूक आहे. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या सरकारी क्रमांकावर ताबडतोब कळवावे. आपण न मागवलेले, पण पैसे भरून सोडवायचे असे पार्सल आले, तर ते नाकारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, आणि आपण घरी नसताना शेजाऱ्यांनी मोठ्या मनाने पैसे भरून ते ठेवून घेऊ नये, असे त्यांनाही सांगून ठेवावे. वाडीत हा घोळ नेहमी होतो.

नवी नावनोंदणी होऊ नये म्हणून काय टाळावे, हे आपल्याला सुचेलच. प्रदर्शनात किंवा कणकवलीच्या दुकानात सोडतीच्या कुपनावर घरचा पूर्ण पत्ता लिहिणे, हे त्यातले पहिले. कुपनावर नाव आणि गाव पुरते. सोडत खरी असेल तर गावाच्या नावावरही माणूस सापडतो.

आता जमलेल्या कागदाचे काय करायचे. गुळगुळीत, चकचकीत कागद बंबात घालू नका. त्यावर पुष्कळदा प्लास्टिकचा पातळ थर असतो, खिडकीच्या पाकिटाची खिडकीही बहुधा प्लास्टिकचीच असते, आणि त्याचा धूर न्हाणीघरात कोंडतो. खिडकी फाडून काढावी, साधा कागद वेगळा ठेवावा. रद्दीत देण्यापूर्वी नाव, फोलिओ, खाते आणि पॅनचे क्रमांक असलेला भाग फाडून, पाण्यात भिजवून, लगदा करून माडाच्या आळ्यात पुरावा. पावसाळ्यात ते काम निसर्ग लवकर करतो. उरलेली रद्दी पडवीत जमिनीवर न ठेवता उंच फळीवर किंवा मांडणीवर ठेवावी, कारण वाळवी जमिनीतूनच चढते, आणि ओली रद्दी भंगारवाला घेत नाही.

देवांच्या तसबिरींबाबत आपला संकोच मला समजतो. त्या समुद्रात किंवा खाडीत सोडण्याचा सल्ला कोणी देईल, तो मानू नका. प्लास्टिकचा थर असलेली तसबीर पाण्यात विरघळत नाही आणि दोन भरतींनंतर किनाऱ्यावर परत येते. पाकीट न उघडताच नकार देऊन परत पाठवणे हा या विशिष्ट टपालापुरता सर्वांत समाधानाचा मार्ग आहे: त्यावर परतीचा पत्ता असतो, ते सही न घेता येते, आणि देवाची विटंबना आपल्या हातून होत नाही. घरात आधीच साठलेल्या तसबिरी गावातील देवळाच्या पुजाऱ्यांना विचारून निर्माल्यासोबत देता येतात.

वेळेचे गणित एवढे लक्षात ठेवा की कंपन्यांच्या वार्षिक सभा बहुतेक ३० सप्टेंबरपर्यंत होतात आणि त्यांची सूचना सभेच्या किमान २१ दिवस आधी निघते, म्हणून सर्वांत मोठा गठ्ठा श्रावण-भाद्रपदात, नेमका गणपतीच्या धांदलीत येतो. याद्या त्याआधीच छपाईला गेलेल्या असतात. आपली पत्रे मे महिन्यापूर्वी गेली तर त्याच वर्षी फरक दिसेल. नंतर गेली तर एक हंगाम सोसावा लागेल, आणि तेवढ्यात पुन्हा पत्र लिहिण्याची घाई करू नये. पाठवलेल्या प्रत्येक पत्राची तारीख त्याच वहीत, त्या त्या क्रमांकासमोर लिहून ठेवावी. सहा महिन्यांनंतरही ज्या क्रमांकावर पाकीट येत राहील, त्या एकालाच दुसरे पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे आणि त्याची पावती वहीत टाचावी.